आबा धनगराला पैसे का देतात?

प्रिय चिनू,

परवा फोनवर तू विचारलंस, "मेंढरं आपल्याच शेतात चरतात, मग उलट आबाच धनगरमामांना पैसे का देतात? आणि आपण स्वतःची मेंढरं का नाही पाळत?" फोनवर घाईघाईत सांगायची गोष्ट नव्हती ती, म्हणून लिहितेय.

पैसे आहेत लेंड्यांचे. भातकापणी झाली की शेतं मोकळी होतात. दिवाळीनंतर फलटणकडचे धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारी बिऱ्हाडं, वरंधा घाट उतरून महाडला येतात आणि तिथून बाणकोटच्या खाडीच्या कडेने आपल्यापर्यंत. रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं भाताच्या एका कुणग्यात बसवायची, दुसऱ्या रात्री शेजारच्या. लेंड्या आणि मूत जागच्या जागी मातीत जातं, खत वाहून न्यायला नको. माझ्या लहानपणी पैशाऐवजी आजी भात मोजून द्यायची.

आता दुसरा प्रश्न. जगातल्या सगळ्या पाळीव मेंढ्या मुफ्लॉन नावाच्या रानमेंढीपासून झाल्या. पूर्व तुर्कस्तान आणि इराणच्या बाजूच्या डोंगरांत माणसाने तिला सुमारे १०,००० वर्षांपूर्वी माणसाळवलं. तिच्या अंगावर वरून राठ केस आणि आत थोडीशी मऊ लोकर, तीही थंडी सरली की आपोआप गळणारी. मी राहते त्या स्कॉटलंडमध्ये सोए नावाच्या बेटावरच्या मेंढ्यांची लोकर आजही तशीच गळते, हाताने ओढली तरी निघते. लोकर न गळणारी मेंढी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवली. म्हणून तर कातरावी लागते.

तर मूळची ही कोरड्या डोंगरांची लेक. आपल्याकडे येते ती दख्खनी मेंढी: काळी, जाड लोकरीची, खुरट्या गवतावर दिवसभर चालणारी. फलटणकडे वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे ३,००० च्या वर. इथल्या पावसात तिची लोकर सुकत नाही, खुरं कुजतात, पोटात जंत होतात. मिरग जवळ आला की वाडे घाट चढतात ते यासाठी. त्यांचं हे येणं-जाणं मला फार शहाणपणाचं वाटतं.

पण पाण्याकाठी मेंढी जगतच नाही असं समजू नकोस. इथे उत्तरेला नॉर्थ रोनाल्डसे नावाचं बेट आहे. तिथल्या लोकांनी १८३२ मध्ये बेटाभोवती दगडी गडगा घातला आणि मेंढ्या बाहेर किनाऱ्यावर ठेवल्या, आतलं गवत गुरांना राहावं म्हणून. त्या मेंढ्या समुद्रातलं शेवाळ खाऊन जगतात! आपल्याकडच्या बाया कालवं काढायला ओहोटी बघून जातात ना, तशाच त्या ओहोटीला खाली उतरतात आणि भरतीला वर येऊन रवंथ करतात. शेवाळात तांबं फार कमी. त्यामुळे असेल तेवढं तांबं शोषून घ्यायची सवय त्यांच्या शरीराला इतकी लागलीय, की साध्या कुरणातलं गवत जास्त खाल्लं तर तेच तांबं त्यांना विषासारखं बाधतं.

आणि बंगालात सुंदरबनच्या दलदलीत गारोल नावाची लहानखुरी मेंढी आहे, ती गुडघाभर पाण्यात चरते. तिच्यात जुळी-तिळी होण्याचं जनुक आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते दख्खनी मेंढीत आणलं आणि 'नारी सुवर्णा' तयार केली.

यंदा वाडा आला की धनगरमामांना विचार, त्यांच्या खांडात अशी जुळ्यांची आई आहे का. असली तर तिचा फोटो काढून मला पाठव. आणि कोकराला उचलायच्या आधी त्यांना विचारायचं, बरं का.

तुझी
आई