हॉस्पिटलजवळचा रिकामा फ्लॅट परदेशी पेशंटना द्यावा का?

तुमचा प्रश्न असा की पुण्यात मोठ्या हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवर तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके रिकामा पडलाय, मेडिकल टुरिझम जोरात आहे म्हणतात, तर नेहमीच्या भाडेकरूपेक्षा परदेशी पेशंट परवडतील का. मी सहा वर्षं एका हॉस्पिटलच्या इंटरनॅशनल डेस्कवर होतो, आता असेच दोन फ्लॅट चालवतो, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी तो 'टुरिझम' शब्द डोक्यातून काढा. शनिवारवाडा बघायला कोणी येत नाही हो. ओमान, येमेन, टांझानियाहून माणूस येतो तो तिकडे ती सर्जरी होत नाही, नाहीतर नंबर लागत नाही नाहीतर झेपत नाही म्हणून, कधी तर नातेवाइकांनी पैसे गोळा करून पाठवलेलं असतं, आणि ॲडमिट जेमतेम आठवडाभर असला तरी आधीच्या तपासण्या, मग टाके, फॉलोअप, फिजिओ धरून महिना सहज जातो. ई-मेडिकल व्हिसा ६० दिवसांचा, सोबत दोन अटेंडंटना व्हिसा मिळतो. म्हणजे तुमचं खरं गिऱ्हाईक पेशंट नाहीच, ते वाट बघत बसलेले दोघं आहेत.

मला हे कळायला वेळ लागला. सुरुवातीला चहापुरती एक इंडक्शन शेगडी ठेवलेली. टांझानियाची एक बाई मुलाच्या हार्ट सर्जरीसाठी आली, रोज संध्याकाळी उगाली करायची, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड समजा. एका हाताने पातेलं धरायचं, दुसऱ्याने जोर लावून घोटायचं, आणि पातेलं त्या काचेवरून सटासट घसरतंय! दुसऱ्या दिवशी दोन बर्नरची गॅस शेगडी आणि जाड बुडाचं पातेलं आणलं. टीव्ही मात्र महिनाभर तिने लावला नाही.

बाथरूमचंही तसंच. गुडघे बदललेला माणूस वॉकर घेऊन येतो आणि आपल्याकडे दाराशी दोन इंचाचा संगमरवरी उंबरा. तो काढा, कमोडशेजारी पकडायला दांडा लावा, बस्स. सोफा वगैरेवर खर्च करू नका.

कागदपत्रात हयगय नको. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला देणारा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन भरायचा. पहिल्या वर्षी शनिवार-रविवार आडवा आला म्हणून मी मंगळवारी भरला आणि मग पोलीस स्टेशनच्या बाकावर अर्धा दिवस बसून लेखी खुलासा दिला, चूक माझीच होती. सोसायटीचीही लेखी परवानगी घ्या.

पेशंट येतात कुठून, तर बहुतेक एजंटकडून, आणि तो हॉस्पिटलकडूनही कमिशन घेतो आणि तुमच्याकडूनही मागणार. मी देत नाही. पुण्यात शिकणारी येमेनी, सुदानी मुलं दुभाष्याचं काम करतात, माझ्याकडे निम्मे लोक त्यांच्या तोंडी शिफारशीवर येतात.

आता भीतीची गोष्ट. भारतात सगळ्यात जास्त परदेशी पेशंट बांगलादेशातून यायचे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथलं सरकार पडलं, आपण व्हिसा आवळले, आणि कोलकात्यात मुकुंदपूरला हॉस्पिटलांच्या आजूबाजूची गेस्ट हाऊसं बघता बघता ओस पडली. डॉक्टर तेच, रेट तेच, फक्त व्हिसा थांबला. पुण्यात बांगलादेशी कमी म्हणून झळ बसली नाही, पण धंदा असा आहे, त्यामुळे फ्लॅटवर लोन असेल तर हप्ता या भाड्याच्या भरवशावर ठेवू नका.

खाली कोणीतरी लिहिलंय की पंचकर्मासाठी येणाऱ्या परदेशी लोकांना फ्लॅट द्या. २०२३ पासून त्यासाठी वेगळा आयुष व्हिसा आहे खरा, पण ते लोक केरळात झाडाखाली राहायला येतात, तुमच्या तिसऱ्या मजल्यावर कशाला येतील.

तिसऱ्या मजल्यावरून आठवलं, लिफ्टचं दार किती रुंद आहे? व्हीलचेअर आत जाते का ते टेप घेऊन मोजा आणि इथे टाका, मग भाड्याचं बोलू.