कॅम्परव्हॅनने युरोप फिरताना छळछावण्या आणि युद्धस्मारके पाहावीत का?

आपण विचारले आहे की तीन आठवड्यांच्या कॅम्परव्हॅन-सहलीत, बारा वर्षांचा मुलगा बरोबर असताना, पोलंडमधल्या ऑशविट्झसारखी ठिकाणे घ्यावीत की त्यामुळे सुट्टीचा विरस होईल. माझ्या मते ती जरूर घ्यावीत. मात्र मोजकीच घ्यावीत, आणि ज्या दिवशी असे ठिकाण असेल त्या दिवशी दुसरे काही ठेवू नये.

ही गोष्ट आम्ही चुकीतून शिकलो. पहिल्या सहलीत सकाळी म्युनिकजवळची डाखाऊ छळछावणी आणि संध्याकाळी म्युनिकच्या बिअर गार्डनमध्ये जेवण, असा बेत मीच आखला होता. हिटलर सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत, मार्च १९३३ मध्ये, ही छावणी उघडली आणि पुढच्या बारा वर्षांत तिथे ४१,००० हून अधिक माणसे मेली. तिथून निघाल्यावर तासाभरात आम्ही बँडच्या गजरात बसलो होतो. माझी तेरा वर्षांची मुलगी ताटातल्या बटाट्यांकडे नुसती पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, आज इथे यायलाच हवं होतं का?" आम्ही अर्धवट जेवून उठलो.

त्यानंतर मात्र आम्ही गाडीचा खरा उपयोग करायला शिकलो. अशा ठिकाणाहून बाहेर पडल्यावर अर्धा-पाऊण तास गाडी चालवायची, एखाद्या गावाबाहेरच्या साध्या कॅम्पिंगवर थांबायचे, खिचडी टाकायची आणि मुलांना बोलायचे असेल तेव्हा बोलू द्यायचे. स्मारकाच्याच पार्किंगमध्ये मुक्काम करण्याचा मोह मात्र टाळावा. तिथे छत ताणून खुर्च्या मांडणे बरे दिसत नाही.

बारा वर्षांच्या मुलासाठी मी ऑशविट्झऐवजी फ्रान्समधले ओरादूर-सुर-ग्लान निवडेन. ऑशविट्झला चौदा वर्षांखालील मुलांना आणू नये, अशी तिथल्या संग्रहालयाचीच शिफारस आहे, आणि अकरा लाख बळी हा आकडा मोठ्यांच्याही मनात मावत नाही. ओरादूर हे लिमोझजवळचे एक छोटे गाव आहे. १० जून १९४४ रोजी, मित्रसैन्य नॉर्मंडीत उतरल्यानंतर चौथ्या दिवशी, एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाच्या तुकडीने ते वेढले, पुरुषांना कोठारांत नेऊन गोळ्या घातल्या, बायका-मुलांना चर्चमध्ये कोंडून मारले आणि गाव जाळून टाकले. ६४३ माणसे मारली गेली. चर्चमधून एकच स्त्री जिवंत बाहेर पडली. युद्धानंतर हे अवशेष जसेच्या तसे राखायचे ठरले आणि नवे गाव शेजारी वसवले गेले. आज तिथे रस्त्यात ट्रामचे रूळ दिसतात, छत उडालेल्या घरांत गंजलेली शिलाई-यंत्रे दिसतात, आणि चर्चच्या फरशीवर आगीत वितळलेल्या घंटेचा गोळा पडलेला आहे. आमची मुलगी सर्वांत जास्त वेळ थांबली ती एका शिलाई-यंत्रापाशी. आजीच्या घरी तसेच यंत्र आहे, एवढेच ती म्हणाली. कोणत्याही फलकापेक्षा त्या यंत्राने तिला जास्त सांगितले असावे.

तरीही ऑशविट्झला जायचेच असेल, तर आगाऊ नोंदणी करा आणि पासपोर्ट जवळ ठेवा, कारण प्रवेशपत्र नावानिशी असते. मोठी पिशवी आत नेता येत नाही. आम्हाला पाठपिशवी ठेवायला पार्किंगपर्यंत परत पळावे लागले होते. मूळ छावणी आणि तिचाच दुसरा, मोठा भाग असलेली बिर्केनाउ यांत सुमारे तीन किलोमीटरचे अंतर आहे. दोन्ही ठिकाणे पाहायला किमान साडेतीन तास हवेत. कैद्यांचे केस ठेवलेल्या दालनात छायाचित्रे काढायला मनाई आहे, आणि ती नसती तरी काढू नयेत.

आपला मार्ग बेल्जियमवरून जात असेल, तर एका दिवसात दोन ठिकाणे घेण्याचा एकमेव अपवाद मी सुचवीन, कारण दोन्ही पहिल्या महायुद्धाच्या एकाच कथेतली आहेत. उत्तर फ्रान्समधल्या नव्ह-शापेल येथे मार्च १९१५ मध्ये भारतीय पलटणी लढल्या. १९२७ साली उभारलेल्या तिथल्या स्मारकावर, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले गब्बरसिंग नेगी त्यांतलेच एक. शेतांच्या मधोमध, रहदारीच्या रस्त्यालगत, उंच स्तंभावर देवनागरी अक्षरे दिसतात तेव्हा माणूस क्षणभर गोंधळतो. आम्ही गेलो तेव्हा तिथे दुसरे कोणीही नव्हते.

तिथून तासाभरात बेल्जियममधले ईपर गाठता येते. तिथल्या मेनिन गेट या स्मारक-कमानीवर बेपत्ता झालेल्या ५४,००० हून अधिक सैनिकांची नावे आहेत, त्यांत भारतीयही आहेत, आणि रोज रात्री आठ वाजता त्यांच्यासाठी बिगूल वाजवला जातो. गाडी गावाबाहेरच उभी करा आणि सव्वासातपर्यंत पोहोचा, म्हणजे पुढे उभे राहायला जागा मिळेल. बिगूल थांबल्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात, एवढे मुलाला आधीच सांगून ठेवा.