जेवण जूनमध्ये, पैसे ऑगस्टमध्ये

मागच्या अंकात दुपारच्या वेळात करता येतील अशा जोडकामांबद्दल लिहिताना ‘मिस्ट्री शॉपर’चा ओझरता उल्लेख केला होता. साधं गिऱ्हाईक म्हणून दुकानात, बँकेत किंवा हॉटेलात जायचं, तिथली वागणूक आणि स्वच्छता पाहायची, घरी येऊन एजन्सीला रिपोर्ट भरून द्यायचा, असं हे काम. त्या दोन ओळींवर पत्रांचा पाऊस पडला, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच: पैसे किती आणि कसे? पुण्यात अशा एका एजन्सीत मी बरीच वर्षं रिपोर्ट तपासायच्या टेबलावर होते. कोणाचं बिल मंजूर होतं, कोणाचं अडकतं, हे रोज बघत होते. तेव्हा या वेळी सगळी जागा याच विषयाला.

ताई, व्हॉट्सॲपवर निरोप आला: ‘मिस्ट्री शॉपर व्हा, महिना २५ हजार कमवा, नोंदणी फी फक्त ९९९ रुपये, पहिल्या पगारात परत.’ भाचा म्हणतो, ही फसवणूक आहे. जाऊबाई म्हणतात, त्यांच्या ओळखीतली एक मुलगी हेच काम करते आणि तिला पैसे मिळतात. खरं कोणाचं? – एक वाचक, कोल्हापूर

दोघांचंही. काम खरं आहे आणि तुम्हाला आलेला निरोप खोटा आहे.

या धंद्यात पैसे दुकानाच्या मालक कंपनीकडून एजन्सीकडे येतात आणि एजन्सीकडून तुमच्याकडे. उलट्या दिशेने एक रुपयाही जात नाही. नोंदणी फी, ट्रेनिंग किट, ओळखपत्र, सिक्युरिटी डिपॉझिट, ‘जीएसटीचे तेवढे भरा’, नाव काहीही दिलं तरी पैसे मागणारा माणूस या धंद्यातला नाही. एमएसपीए ही या एजन्स्यांची जागतिक संघटना आहे. तीही हेच सांगते की शॉपर होण्यासाठी कोणी पैसे भरायचे नसतात. तिच्या संकेतस्थळावर सदस्य एजन्स्यांची यादी आहे. नाव तिथे शोधा आणि निरोपातली लिंक न दाबता एजन्सीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन नाव नोंदवा. खरी एजन्सी तुमच्याकडून पॅन, बँक खात्याचा तपशील, फार तर रद्द केलेला चेक मागेल. खातं तपासायला ती एक रुपया तुमच्या खात्यात टाकेल. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. पिन टाका असं कोणी म्हणालं, की पैसे तुमच्याच खात्यातून निघणार हे समजा.

आणि महिना २५ हजार? विसरा. ठरलेला पगार या कामात नसतोच. दर भेटीचे पैसे मिळतात, आणि या महिन्यात चार भेटी मिळाल्या म्हणून पुढच्या महिन्यात एक तरी मिळेल याची खात्री नाही. कोल्हापुरात पुण्या-मुंबईपेक्षा कामं कमी निघणार, हेही धरून चाला.

आता पैसे कसे मिळतात ते. रकमेचे दोन भाग असतात: तुमची फी, आणि तुम्ही केलेल्या खरेदीचा परतावा. परताव्याला कमाल मर्यादा असते आणि गडबड होते ती इथेच. समजा, एका रेस्टॉरंटच्या भेटीला फी २५० आणि परतावा कमाल ८०० रुपये. ब्रीफमध्ये, म्हणजे एजन्सीने दिलेल्या सूचनांत, लिहिलंय की दोघांनी जायचं, एक स्टार्टर, दोन मुख्य पदार्थ आणि एक पेय मागवायचंच. मेन्यूकार्ड हातात घेऊन बेरीज केलीत तर ८९५, वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ९४० झाले. रिक्षा जाऊन-येऊन १२०. तुमच्या खिशातून गेले १,०६०, मिळणार १,०५०. दोघांचं जेवण झालं हे खरं. पण तिथला दीड तास, घरी रिपोर्टला लागलेला दीड तास आणि वर पदरचे दहा रुपये, एवढी त्याची किंमत. म्हणून काम घेण्याआधी त्या हॉटेलचा मेन्यू इंटरनेटवर उघडून बेरीज करा. माझ्या टेबलावर यायच्या त्यातल्या निम्म्या तक्रारी या एका बेरजेने टळल्या असत्या.

इथे सर्व्हिस चार्जचं एक त्रांगडं आहे. रेस्टॉरंटने तो आपोआप बिलात लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तरी काही ठिकाणी लागतो. तुम्ही एरवी भांडून काढायला लावाल, लावावाच. पण गुपचूप पाहणीला गेलेलं गिऱ्हाईक काउंटरवर हुज्जत घालायला लागलं की सगळ्यांच्या लक्षात राहतं. तेव्हा सर्व्हिस चार्ज आला तर काय करायचं, हे एजन्सीच्या को-ऑर्डिनेटरला आधीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

भेट झाली की रिपोर्ट बहुधा २४ तासांत द्यावा लागतो. मग तो क्यूसीकडे, म्हणजे रिपोर्ट तपासणाऱ्या माझ्यासारखीच्या टेबलावर येतो. रिपोर्ट नापास झाला तर फी जाते आणि बऱ्याचदा परतावाही जातो. नापास होण्याची कारणं अगदी साधी असतात. सोमवार ते शुक्रवार दुपारी जायचं असताना शनिवारी जाणं. त्याच नावाच्या शेजारच्या शाखेत जाणं. वाढणाऱ्याचं नाव बॅजवर असूनही ‘एक उंच मुलगा’ असं लिहिणं. बिलावर तारीख-वेळ न दिसणं. ते थर्मल कागदाचं बिल पर्समध्ये गरम पाण्याच्या बाटलीजवळ राहिलं की काळं तरी पडतं किंवा कोरं तरी होतं. हॉटेलच्या दारातच त्याचा फोटो काढा.

पास झाला तरी पैसे उद्या येत नाहीत. एजन्स्या सहसा महिना संपल्यावर ३०, ४५ किंवा ६० दिवसांनी एकगठ्ठा पैसे सोडतात. तुम्ही ३ जूनला जेवलात आणि एजन्सीचा नियम महिनाअखेरीपासून ४५ दिवसांचा असेल, तर रक्कम १४ ऑगस्टच्या सुमारास जमा होणार. तोवर ते पैसे तुम्ही एजन्सीला बिनव्याजी वापरायला दिलेत. अशा पाच भेटी एकाच महिन्यात घेतल्या तर साडेचार-पाच हजार अडकले. घरखर्चातून एवढे काढून ठेवता येत नसतील तर खरेदी नसलेली कामं आधी घ्या: बँकेत ठेवीची चौकशी, गाडीच्या शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्ह. यात फी कमी असली तरी खिशातून फक्त बसभाडं जातं. पेट्रोल पंपाचं कामही चांगलं. स्कूटरमध्ये पेट्रोल आपण एरवीही भरतोच.

त्या ९९९वाल्याला ब्लॉक करा. आधीच भरले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

माझी मुलगी लग्नानंतर न्यू जर्सीत एडिसनला असते. तिला पोस्टाने २,३५० डॉलरचा कॅशिअर्स चेक आणि पत्र आलं: चेक खात्यात भरा, ३५० डॉलर तुमची फी, उरलेल्या २,००० डॉलरची गिफ्ट कार्डं विकत घ्या, मागचा पट्टा खरवडून नंबरांचे फोटो पाठवा, म्हणजे दुकानाची ‘तपासणी’ होईल. चेक अजून भरलेला नाही. भरू का, असं ती विचारतेय. – एक वाचक, पुणे

मुळीच नाही, आणि हे वाचल्या वाचल्या तिला फोन करा.

अमेरिकेतली ही जुनी युक्ती आहे आणि तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने तिच्याबद्दल वारंवार सावध केलं आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे बँकेला चेकची रक्कम थोड्याच दिवसांत खात्यात वापरायला मोकळी करावी लागते. आपल्याला वाटतं, चेक वटला. तो बनावट असल्याचं कळायला कधी कधी कित्येक आठवडे लागतात. मग बँक पूर्ण २,३५० खातेदाराकडून वसूल करते. कार्डांचे नंबर पाठवल्याच्या काही मिनिटांत २,००० डॉलर दुसऱ्याने खर्च केलेले असतात. बँकेने फसवलं असं तिला वाटेल, पण चेक स्वतः भरल्यामुळे जबाबदारी तिचीच धरली जाते. चेक आणि पाकीट फाडू नका. फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि पोस्टाने आलंय म्हणून तिथल्या पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे तक्रार करताना ते लागेल.

आणखी एक. ती जावयांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, म्हणजे एच-४ व्हिसावर असेल आणि तिच्याकडे कामाचा परवाना नसेल, तर अगदी खरं मिस्ट्री शॉपिंगही तिला तिथे करता येत नाही. महिन्यात एकदा, वीस डॉलरसाठी केलं तरी ते कामच. शिकायला गेलेल्या, एफ-१ व्हिसावरच्या मुलांनीही कॅम्पसबाहेर असलं काही परवानगीशिवाय करू नये. ‘छोटं काम आहे, कोणाला कळतंय’ असं सांगणाऱ्या मैत्रिणी तिथेही खूप असतात.

वर्षभरात एका एजन्सीकडून फीपोटी १८ हजार झाले, हातात १६,२०० आले. उरलेले १,८०० ‘टीडीएस’ म्हणतात. मी गृहिणी, दुसरं उत्पन्न नाही. हे पैसे गेले का? – एक वाचक, ठाणे

गेले नाहीत, सरकारकडे तुमच्या नावावर जमा आहेत. मात्र खरंच जमा झालेत का ते आयकर पोर्टलवर तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, पाहा. तिथे दिसत नसेल तर एजन्सीच्या अकाउंट्सवाल्यांच्या मागे लागा. व्यावसायिक फी म्हणून दिलेल्या पैशांवर १० टक्के कापतात. खरं तर आर्थिक वर्ष २०२५-२६पासून वर्षाला ५० हजारांपर्यंतच्या अशा फीवर कापणं बंधनकारक नाही, पण अनेक कार्यालयं सरसकट कापून मोकळी होतात. विवरणपत्र भरलंत की परत मिळतील. पॅन दिला नसता तर कपात २० टक्क्यांवर गेली असती.

एजन्सीने परताव्याची रक्कमही फीमध्ये मिसळून दाखवलीय का तेवढं बघा. तसं असेल तर तुमचं उत्पन्न कागदावर फुगतं. बिलांचे फोटो आणि एजन्सीचं पेमेंट स्टेटमेंट वर्षवार फोल्डरमध्ये ठेवा. आणि ‘जीएसटी नंबर काढावा लागेल’ म्हणून कोणी फी मागितली तर सांगा, सेवांसाठी महाराष्ट्रात ती वेळ वर्षाला २० लाखांच्या वर गेल्यावर येते.

मिस्ट्री शॉपिंगच्या कामासाठी एका एजन्सीला आधार आणि सहीचा फोटो पाठवून ‘करारनामा’ करून दिला, चार दिवस काम केलं. आता म्हणतात, तुमचे रिपोर्ट चुकले, ७,५०० भरा नाहीतर कोर्टात खेचू. वकिलाची नोटीसही व्हॉट्सॲपवर आली. – एक वाचक, जळगाव

भरू नका. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे, आणि त्या वकिलाचं नाव खरं आहे की नाही हेही ठाऊक नाही. चुकलेल्या रिपोर्टसाठी खरी एजन्सी फार तर पैसे देत नाही. दंड मागत नाही. सगळे स्क्रीनशॉट ठेवून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा आणि पोलीस ठाण्यातही अर्ज द्या. आधार आणि सहीचा फोटो त्यांच्याकडे गेलाय, तेव्हा तुमच्या नावावर कोणी कर्ज घेतलंय का, हे अधूनमधून क्रेडिट रिपोर्टमध्ये तपासत जा.

सोबत मुलाला किंवा नवऱ्याला नेलं तर जास्तीचे पैसे मिळतात का? – एक वाचक, नाशिक

नाही, पैसे भेटीचे मिळतात, माणशी नाही. ब्रीफमध्ये ‘दोघं’ असेल तर दोघंच जा. तिसऱ्याचं आइस्क्रीम तुमच्या पर्समधून जाईल. मुलगा लहान असेल तर घरी ठेवा. काउंटरवरच्या माणसाला ‘आई, तू याचं नाव का लिहून घेतेस?’ हे ऐकू गेलं की ती भेट बाद, आणि तिचे पैसेही.