उणे ४८ व्होल्टशी पहिली ओळख

तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजच्या पॉवर रूममध्ये नव्याने रुजू झाला आहात, म्हणून आधी हे लक्षात घ्या की इथे बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असते आणि यंत्रणेच्या रॅकना उणे ४८ व्होल्ट पुरवले जातात. हे उलटे वाटले तरी त्यामागचे कारण पक्के आहे. जमिनीखालच्या केबलमध्ये ओल शिरली की विद्युत अपघटन सुरू होते आणि जी तार जमिनीच्या तुलनेत धन असते तिचे तांबे झिजत जाते. तार ऋण ठेवली की ते वाचते. म्हणून मीटरची काळी पिन अर्थ बसबारला, म्हणजे अर्थला जोडलेल्या जाड धातूच्या पट्टीला, लावल्यावर आकड्याआधी वजाचे चिन्ह दिसलेच पाहिजे.

बॅटरीत २ व्होल्टचे २४ लेड-ॲसिड सेल एकसर जोडलेले असतात. रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारे यंत्र, त्यांना कायम फ्लोटवर (सतत हलक्या चार्जवर) ठेवतो, तेव्हा प्रत्येक सेलवर सुमारे २.२५ व्होल्ट असतात. त्यामुळे मीटरने ५४ दाखवले तर तो बिघाड समजू नका.

४८ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, पण म्हणून गाफील राहू नका, कारण खरा धोका करंटचा आहे. मी शिकाऊ असताना एका सहकाऱ्याचा पाना दोन बसबारवर आडवा पडला आणि त्याचे टोक डोळ्यांदेखत वितळले. अंगठी आणि घड्याळ काढूनच आत जा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. फोनची घंटी वाजवणारा सुमारे ७५ व्होल्टचा एसी पुरवठा मात्र बोटांना चांगलाच जाणवतो.