चरित्र अभिनेता: कोणाचे चरित्र?

वेंगुर्ल्याहून एका वाचकाने विचारले आहे: "हॉलिवूडच्या मूकपटांतल्या लॉन चेनी या नटावर लेख लिहिताना मी त्याला 'चरित्र अभिनेता' म्हटले. आमचे निवृत्त गुरुजी म्हणाले, 'त्याने कोणाचे चरित्र केले?' शब्द चुकला का?"

चुकला असे नाही, पण गुरुजींचा कान तल्लख आहे. मराठीत चरित्र म्हणजे जीवनकथा. म्हणून चरित्रग्रंथ, चरित्रपट. हिंदीत त्याला स्वभाव आणि कथेतले पात्र हेही अर्थ आहेत. 'कॅरेक्टर ॲक्टर'चा, म्हणजे नायकाऐवजी इतर ठसठशीत पात्रे रंगवणाऱ्या नटाचा, तिथे 'चरित्र अभिनेता' झाला आणि आपण तो आयता उचलला. गंमत म्हणजे चेनीच्या आयुष्यावर १९५७ साली चित्रपट निघाला आणि त्यात चेनीचे काम जेम्स कॅग्नीने केले. म्हणजे मराठी कानाला चरित्र अभिनेता ठरतो कॅग्नी!

चेनीसाठी मी 'बहुरूपी' म्हणेन. आईवडील मूकबधिर, त्यामुळे हातांनी आणि चेहऱ्याने बोलणे त्याला घरातच मिळाले. १९२३ मध्ये तो नोत्र दामचा कुबडा झाला, १९२५ मध्ये ऑपेरातला विद्रूप फँटम. रंग स्वतःचा स्वतःच लावायचा, आपल्या दशावतारी नटासारखा. १९३० साली त्याने पहिला आणि एकमेव बोलपट केला, त्यात आवाजही निरनिराळे काढले, आणि त्याच वर्षी वारला.

पण हा शब्द सगळ्यांना पुरणार नाही. जन्मभर सावकार किंवा खाष्ट सासराच रंगवणाऱ्याला बहुरूपी कसे म्हणायचे? त्याच्यासाठी 'चरित्र अभिनेता' राहू द्या. वर्तमानपत्रांनी तो रुळवला आहे, आता उपटून निघणार नाही. मला मात्र दशावतारातली सोय जास्त आवडते: राजाचे काम करणारा तो राजपार्टी, स्त्रीचे करणारा तो स्त्रीपार्टी. यातला 'पार्ट' उघडउघड इंग्रजी, तरी देवळासमोर बसून "आज राजपार्टी कोण आसा?" विचारताना कोणाची जीभ अडखळत नाही. उलट 'चरित्र' दिसायला अस्सल संस्कृत, आणि अडखळायला लावतो तोच. परका शब्द उघड्या तोंडाने आला तर त्रास कमी, असे माझे मत. 'सोंगाड्या' मात्र सुचवू नका, तो तमाशातला विनोदी गडी.

लेखात 'मूकपटांतला बहुरूपी नट' असे करा. आणि गुरुजींना कॅग्नीची गोष्ट जरूर सांगा, खूश होतील.