"आधी हे, मग ते" असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस

अगं,

तुझा मेसेज वाचला. वर्णद्वेषाविरुद्धच्या मीटिंगमध्ये तू घरातल्या मारहाणीचा विषय काढलास आणि "आत्ता नको, विरोधकांच्या हातात आयतं कोलीत मिळेल" असं म्हणून तुला गप्प बसवलं, फार राग आला मला. पण हे फक्त तुलाच ऐकावं लागलंय असं नाही.

लंडनमधल्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ह्या बायकांच्या संघटनेबद्दल नीट वाच. एप्रिल १९७९ मध्ये साउथॉलला नॅशनल फ्रंट ह्या वर्णद्वेषी पक्षाच्या सभेविरुद्ध निदर्शनं झाली, त्यात ब्लेअर पीच नावाचा शिक्षक मारला गेला, आणि त्याच वर्षी आशियाई आणि आफ्रिकन-कॅरिबियन बायकांनी मिळून हा ग्रुप काढला. वर्णद्वेषाशी तर त्या लढल्याच, पण घरात मार खाणारीचं नंतर बघू हे त्यांनी कधीच मान्य केलं नाही. समाजाची बदनामी करताय हे त्यांनीही भरपूर ऐकलं. किरणजीत अहलुवालियाने वर्षानुवर्षं मार खाल्ला आणि १९८९ मध्ये नवऱ्याला पेटवलं, तिला जन्मठेप झाली, तर ह्या बायका तिच्यामागे ठाम उभ्या राहिल्या आणि १९९२ मध्ये ती सुटली.

आणि खरं सांगू का, हे दोन लढे वेगळे नसतातच. नवऱ्याच्या व्हिसावर तिकडे गेलेली बाई बघ. घर सोडलं तर राहण्याचा हक्क जायची भीती, सरकारी मदत घ्यायला सहसा बंदी, त्यामुळे निवाऱ्याचा खर्च कोण देणार हा प्रश्न, म्हणजे इमिग्रेशनचा कायदाच तिला मारणाऱ्याकडे परत ढकलतो. आता ह्यात वर्णद्वेष कुठे संपला आणि नवऱ्याचा जुलूम कुठे सुरू झाला, सांग बरं! ह्या नियमांविरुद्ध साउथॉलच्या ह्या बायकांनी कितीतरी वर्षं मोहीम चालवली, आणि ती उभी राहिली मदत मागायला आलेल्या एकेका बाईच्या केसमधून.

म्हणून आधी केसेस घे, भाषणं नंतर. दुभाषी म्हणून घरचं माणूस अजिबात चालणार नाही, तिच्या ओळखीतलंही नको. तारखेसकट नोंदी ठेव, तिच्या परवानगीशिवाय कुणाला काही सांगू नकोस, आणि कायद्याचा सल्ला स्वतः देत बसू नकोस, वकील गाठ.

फंडिंगचंही आत्ताच डोक्यात ठेव. २००८ मध्ये ईलिंग कौन्सिलने, म्हणजे साउथॉल ज्यात येतं त्या पालिकेने, घरात मार खाणाऱ्या सगळ्यांसाठी एकच सेवा हवी म्हणत साउथॉल ब्लॅक सिस्टर्सचे पैसे बंद करायला घेतले, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कौन्सिलला माघार घ्यावी लागली.

पुढच्या मीटिंगला विषय अजेंड्यावर लेखी टाकून घे, आणि एकटी जाऊ नकोस, सोबत दोघी-तिघींना ने.

तुझी ताई