डिजिटल बॅज घेतल्याने कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी मिळायला मदत होते का?

तुमचं बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालंय, वाशीला राहता, दोन डिजिटल बॅज, म्हणजे कौशल्याची चित्ररूपी ऑनलाइन प्रमाणपत्रं, हातात आहेत आणि तिसऱ्या कोर्सची फी भरावी का, असं विचारताय. मदत होते, पण बॅज कशासाठी दिला यावर सगळं आहे. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०११ मध्ये ओपन बॅजेस ही पद्धत आणली तेव्हापासून त्यात देणाऱ्याचं नाव, तारीख आणि निकष चित्रातच भरलेले असतात, पुराव्याची लिंकही जोडता येते. चित्र काय, कोणीही काढेल. निकष वाचा.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण याच मुद्द्यावरून माझं एकदा मोठं भांडण झालंय.

मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. आमच्या मूडलवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर, मी 'संदर्भशोध' नावाचा बॅज सुरू केला. ओपॅकवर (ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत) पुस्तक शोधून कॉल नंबरवरून, म्हणजे पुस्तकाच्या जागेच्या क्रमांकावरून, रॅकमधून स्वतः काढून आणायचं, एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ई-जर्नल सेवेवरून आपल्या विषयाचे दोन लेख मिळवायचे, संदर्भसूची करायची, आणि शेवटी माझ्यासमोर बसून मी देईन त्या विषयावर पंधरा मिनिटं शोध घ्यायचा. ६२ मुलांनी नाव दिलं, बॅज मिळाला २३ जणांना. टीवायबीकॉमची एक मुलगी घणसोलीच्या बचत गटांवर प्रोजेक्ट करत होती. पहिल्यांदा तिने ब्लॉगच्या लिंका चिकटवल्या, मी परत पाठवलं. दुसऱ्यांदाही परत. तिसऱ्यांदा ती एका लेखाचा प्रिंटआउट घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, यातला आकडा ज्या अहवालातून घेतलाय म्हणतात, त्या अहवालात वेगळाच आहे." मी अहवाल उघडून पाहिला. तिचं बरोबर होतं. त्या दिवशी तिला बॅज देताना मला जो आनंद झाला, तो पूर्ण नोकरीत फार थोड्या वेळा झालाय.

वर्षाअखेरीस फायली भरायची घाई सुरू झाली. एका तासाच्या वेबिनारला ४१२ जणांनी फीडबॅक फॉर्म भरला होता. त्या सगळ्यांना हाच बॅज द्या, असा आग्रह. मी नाही म्हटलं. "एवढ्याशा चित्रासाठी मुलांचं नुकसान का करता?" असं मला भर मीटिंगमध्ये ऐकवलं गेलं. मग माझ्या मागे नवा बॅज तयार झाला. नाव तेच, चित्र तेच, फक्त निकषाच्या जागी 'वेबिनारला उपस्थिती'. नुकसान त्या २३ जणांचं झालं. त्यांच्या बायोडेटावरचा बॅज आता कोणी ओळखायचा कसा?

घणसोलीच्या मुलीच्या मुलाखतीत बॅजवर कोणी क्लिक केलं नाही, हेही सांगते. पण माहिती कुठून काढाल, असं विचारल्यावर तिने त्या चुकलेल्या आकड्याची गोष्ट सांगितली. नोकरी लागली.

एक राहिलंच. ग्रंथपालाच्या पदासाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाने एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट, सेट किंवा नियमाप्रमाणे केलेली पीएच.डी. लागते. बॅज त्याची जागा घेत नाही. शिकत असताना क्रेडिट हवं असेल, तर स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स बघा. २०२१ च्या नियमानुसार एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करता येतात, अर्थात आपल्या विद्यापीठाने मान्य केले तर. तिथल्याच एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींच्या उपक्रमातल्या, कोर्सला केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते, १०० पैकी ७५ गुण तिचे, म्हणून त्याला मी मान देते. खासगी संस्थेच्या कोर्सची फी भरण्याआधी एवढंच विचारा: नापास होता येतं का? येत नसेल तर पैसे ठेवा.

आणि तुमच्याकडचे दोन्ही बॅज आज उघडून बघा. निकषात नुसती उपस्थिती असेल तो अर्जातून काढून टाका. दुसरा कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचा असेल, तर तुम्ही स्वतः कॅटलॉग केलेल्या पन्नास-शंभर पुस्तकांच्या नोंदी अर्जाला जोडा. मी अजूनही निवड समितीवर बसते. मी त्या नोंदी वाचेन.